42 डोकी

दिल्ली कशी होती असं अजून गल्लीत कोणी ना कोणी विचारतंच, आणि खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मी तिथं पोरांची डोकी मोजत होते.

आमच्या शाळेची सहल एरवी बदामी, हंपी नाहीतर गोवा, ह्यावेळी हेडसरना दिल्लीच सुचली. सोबत कोण जाणार म्हटल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या सासवा एकदम आजारी पडल्या. माझ्या सासूबाई नेमक्या ठणठणीत.

बेळगावला गोवा एक्सप्रेस धरायची आणि दोन रात्री काढून हजरत निजामुद्दीनला उतरायचं. नववीची 42 पोरं, आम्ही तिघं आणि घरोघरचं सामान, म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी, चिरमुऱ्यांच्या उशीएवढ्या पिशव्या, शिवाय प्रत्येकाकडे कुंद्याचा डबा ("दिल्लीत कुणाला तरी दे" म्हणून, कुणाला ते आईलाही माहीत नाही), त्यातलं निम्मं मिरज यायच्या आत संपलं. भोपाळच्या पुढं मोजले तर 43 भरले. शेजारच्या डब्यातलं एक पोरगं चिरमुरे खात निवांत बसलेलं, आमचीच पोरं म्हणतात, "असूदे की टीचर, चांगला आहे."

पहिला दिवस सोमवार. फाईलमध्ये पहिलं नाव लाल किल्ला. लाल किल्ला सोमवारी बंद असतो हे आम्हाला लाल किल्ल्यासमोर उभं राहिल्यावर कळलं. कुतुबमिनारला 379 पायऱ्या आहेत असं मी रेल्वेत शिकवलं होतं, पोरं चढायच्या तयारीनं आलेली, पण वर सोडणं 1981 पासून बंद. पोरांची तोंडं उतरली, मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले, त्या गोल जिन्यात कोण मोजणार ह्यांना?

मोजलं नाही ते फक्त मेट्रोत. राजीव चौकात गर्दीनं आम्हाला उचलून आत घातलं, दार मिटलं आणि काचेपलीकडं आमचे तिघंजण हात हलवून टाटा करताहेत! माझ्या पोटात गोळा. पटेल चौकला सगळ्यांना खाली उतरवलं, भिंतीला लावून उभं केलं, 39, परत मोजले तरी 39, तोवर मागच्या गाडीतून तिघं डुलत उतरले आणि त्यातला एक मलाच विचारतो, "टीचर, तुम्ही चुकला होता काय?"

बसनं टिळक मार्गावरून जाताना ड्रायव्हरनं सुप्रीम कोर्ट दाखवलं. मागून प्रश्न, "टीचर, आमची सीमेची केस हितंच आहे न्हवं?" होय म्हटलं, 2004 पासून. तो बोटं मोजून म्हणाला, "म्हणजे आमच्यापेक्षा मोठी आहे की!" बसमध्ये हशा. मला मात्र माझे वडील आठवले, ते 1956 पासून, बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं तेव्हापासून मोजायचे.

खरी मजा जनपथला. पोरींनी पिशव्यांचा भाव करताना दुकानदाराला कळू नये म्हणून आपसात कन्नड सुरू केलं. "ब्याडा बिडो, भाळ आत!" (नको सोड, फार झालं!) वर्गात कन्नडच्या तासाला ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही त्या पोरी फाडफाड बोलायला लागल्या, कन्नडच्या सरांनी ऐकलं असतं तर तिथंच पास केलं असतं. दुकानदार म्हणाला, मद्रास से हो? मग मी मराठीत ओरडले, "आवरा गं, बस सुटेल!" तर म्हणतो, अच्छा, बंबई से! सत्तर वर्षं आमचा निकाल लागेना आणि ह्यानं दोन मिनिटांत दोन लावले, दोन्ही चुकीचे. बेळगाव म्हटल्यावर त्यानं नुसती मान हलवली. कुंद्याचा एक डबा उरला होता तो त्यालाच दिला. पिशवीमागं वीस रुपये कमी झाले.

परत आल्यावर पोरांना "दिल्लीत काय आवडलं" ह्यावर निबंध घातला. निम्म्यांनी वरचा बर्थ लिहिलाय. एकानं लिहिलंय, "लाल किल्ला बाहेरून फार छान आहे." आणि मागच्या बाकावरच्या एकाची वही माझ्यासमोर उघडी आहे, त्याला किती मार्क द्यावेत कळेना झालंय: "दिल्ली मोठी आहे खरं टीचरनी बघू दिली नाही, सारखं रांगेत उभं करून मोजत होत्या आणि शेवटी बेळगाव स्टेशनात 41 आले म्हणून रडाय लागल्या, तेव्हा मी त्यांच्या मागंच उभा होतो."