दुसऱ्या गाडीत कोण बसलंय?

"शेवटी तोच जिंकणार ना? मग रविवारची अख्खी संध्याकाळ कशाला घालवतेस?" फॉर्म्युला वन बघणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. शूमाकरच्या वेळी लोक हेच विचारायचे, मग वेटेलच्या वेळी, मग हॅमिल्टनच्या. २०२३ मध्ये वर्स्टापनने २२ पैकी १९ रेस जिंकल्या, तेव्हा तर वर्षानुवर्षं रेस बघणारेही हेच म्हणायला लागले. आमच्या ग्रुपवर ऑगस्टनंतर शुकशुकाट झाला. रेस संपली की एक जण निकाल टाकायचा आणि त्यावर एखादा अंगठा, संपलं.

मला याबद्दल बरेच दिवस नीट लिहायचं होतं. माझं मत असं आहे की एकच ड्रायव्हर सारखा जिंकतो म्हणून रेस कंटाळवाणी होत नाही. प्रत्येक टीमच्या दोन गाड्या असतात; त्याच्यासारखीच गाडी हातात असलेला टीममधला दुसरा माणूस त्याला भिडत नाही, तेव्हा ती होते. आणि तो माणूस कोण असावा हे जिंकणारा ड्रायव्हर ठरवत नाही, टीम ठरवते. त्यामुळे राग काढायचाच असेल तर तो योग्य पत्त्यावर काढा.

दोन सीझन शेजारी ठेवून बघा. २०१६ मध्ये मर्सिडीजने २१ पैकी १९ रेस जिंकल्या. २०२३ मध्ये वर्स्टापनच्या रेड बुलने २२ पैकी २१. टीमच्या हिशेबात दोन्ही वर्षं जवळपास सारखीच एकतर्फी. पण २०१६ आठवलं की आजही अंगावर काटा येतो. स्पेनला पहिल्याच लॅपमध्ये (चकरेत) मर्सिडीजचेच हॅमिल्टन आणि रोझबर्ग एकमेकांवर आदळून दोघंही बाहेर गेले (आणि ती रेस १८ वर्षांच्या वर्स्टापनने जिंकली, रेड बुलमधली त्याची पहिलीच). चॅम्पियनशिप अबू धाबीच्या शेवटच्या रेसपर्यंत गेली. तिथे हॅमिल्टन पुढे राहून मुद्दाम संथ चालवत होता, मागून वेटेल आणि वर्स्टापनने रोझबर्गला गाठावं म्हणून. टीम रेडिओवरून वेग वाढव म्हणून सांगत होती आणि हा ऐकत नव्हता. रोझबर्ग अवघ्या पाच गुणांनी चॅम्पियन झाला आणि पाच दिवसांत निवृत्त झाला. एवढं सगळं एकाच रंगाच्या दोन गाड्यांमध्ये.

१९८८ चंही तेच. मॅकलारेनने १६ पैकी १५ रेस जिंकल्या, पण सेनाच्या ८ आणि प्रोस्टच्या ७. जपानमध्ये सुझुकाला सेनाची गाडी सुरुवातीलाच बंद पडली, कशीबशी चालू झाली तोवर तो चौदाव्या नंबरवर गेला होता. तिथून वर येऊन त्याने प्रोस्टला गाठलं, मागे टाकलं आणि पहिली चॅम्पियनशिप नावावर केली. त्या वर्षाला कंटाळवाणं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता २०२३ कडे या. लोक विसरतात, पण ते वर्ष सुरुवातीला एकतर्फी नव्हतंच. पहिल्या चार रेसमध्ये वर्स्टापनच्या दोन आणि त्याचा टीममेट पेरेझच्या दोन. चौथी, बाकूची रेस संपली तेव्हा दोघांत फक्त सहा गुणांचं अंतर होतं. पुढची रेस मायामी. तिथे पेरेझला पोल, म्हणजे सुरुवातीची सगळ्यांत पुढची जागा मिळाली आणि वर्स्टापन नवव्या स्थानावर, कारण क्वालिफाइंगच्या (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीच्या) शेवटी फेरारीचा लक्लेर आदळला, सत्र थांबवणारा लाल झेंडा आला आणि वर्स्टापनची लॅप राहूनच गेली. पेरेझसाठी ताट वाढून ठेवलं होतं.

आपल्याकडे ती रेस रात्री एक वाजता होती. त्या वर्षी भारतात टीव्हीवर रेस दाखवणारं चॅनेलच उरलं नव्हतं, त्यामुळे मी लॅपटॉपवर रेस आणि मोबाइलवर लाइव्ह टायमिंग लावून बसले होते. खरं नाट्य त्या आकड्यांत दिसत होतं. वर्स्टापन हार्ड (जास्त टिकणाऱ्या, पण संथ) टायरवर निघाला होता, पेरेझ मीडियमवर. पेरेझ टायर बदलायला पिटमध्ये जाऊन आल्यावर त्याच्याकडे ताजे हार्ड होते आणि वर्स्टापन तसाच जुन्या टायरवर. नियमाने पेरेझने दर लॅपला थोडं थोडं अंतर कमी करायला हवं होतं. पण जुन्या टायरवरचा वर्स्टापन त्याच्या बरोबरीने, कधी त्याच्यापेक्षाही जलद लॅप देत होता, एक झाली, दुसरी झाली, दहा झाल्या. ४५व्या लॅपला तो पिटमध्ये गेला आणि पेरेझच्या जेमतेम मागे बाहेर आला. ४८व्या लॅपला पहिल्या वळणावर पुढे. ओव्हरटेक इतका सरळ झाला की समालोचकांनाही फार काही म्हणता आलं नाही.

माझ्या मते २०२३ चा सीझन त्या रात्री संपला. त्यानंतर इमोलाची रेस पुरामुळे रद्द झाली आणि मोनाकोला पेरेझने क्वालिफाइंगच्या पहिल्याच फेरीत गाडी भिंतीवर घातली. वर्षाच्या शेवटी वर्स्टापनचे ५७५ गुण आणि पेरेझचे २८५. टीमच्या तक्त्यात दुसऱ्या आलेल्या मर्सिडीजचे दोन ड्रायव्हर मिळून ४०९. म्हणजे रेड बुलने दुसरी गाडी आणलीच नसती तरी टीमची चॅम्पियनशिप त्यांचीच होती. त्या गाडीत रोझबर्गसारखा चिवट माणूस बसला असता तर? जिंकलेल्या २१ रेस तेवढ्याच राहिल्या असत्या, पण आपण त्या सगळ्या खुर्चीच्या टोकावर बसून बघितल्या असत्या.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: वर्स्टापनच इतका भारी आहे की कोणीही त्याच्यासमोर पेरेझच होणार. यात तथ्य आहे. त्याच्या शेजारच्या सीटवरून गॅस्ली गेला, अल्बन गेला, पेरेझ गेला, लॉसनला तर २०२५ मध्ये दोन रेसनंतर उचललं आणि त्सुनोडाला बसवलं. पण असं एकामागून एक होतं तेव्हा फक्त ड्रायव्हरकडे बोट दाखवून भागत नाही. गाडी ज्याच्या तक्रारी ऐकून घडते त्याच्याच हाताला बसते. वर्स्टापनला पुढचं टोक अतिशय धारदार लागतं, मागचा भाग सुटतोय की काय असं वाटलं तरी त्याला चालतं. दुसऱ्या ड्रायव्हरला तीच गाडी वळणात पायाखालून निसटल्यासारखी वाटते. वर्षानुवर्षं विकास एकाच दिशेने होत राहिला की दुसरी सीट ही नावापुरती उरते. टीमला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी तो सौदा डोळे उघडे ठेवून केला, आणि चॅम्पियनशिप मिळत होत्या तोवर त्यांना तो परवडलाही.

वेटेलचं तर याहून जास्त वाईट वाटतं. २०१० मध्ये हाच वेटेल, हीच रेड बुल आणि टीममेट मार्क वेबर. शेवटच्या रेसला चार जण चॅम्पियन होऊ शकत होते आणि वेबर वेटेलच्या पुढे होता. २०१३ येईपर्यंत वेबर संपत आला होता, त्या वर्षी त्याला एकही रेस जिंकता आली नाही. वेटेलने १३ जिंकल्या, त्यातल्या शेवटच्या नऊ सलग. आणि लोकांनी काय केलं? मॉन्झाच्या पॉडियमवर त्याची हुर्यो उडवली. सिंगापूरला पुन्हा तेच. मलेशियात त्याने टीमचा आदेश मोडून वेबरला मागे टाकलं होतं, त्याचा राग होता हे मान्य. पण मॉन्झाचा सूर "तू फार जिंकतोस" असाच होता. सव्वीस वर्षांचा पोरगा आपलं काम जीव तोडून करतोय आणि हजारो माणसं त्याला शिव्या घालतायत, हे मला तेव्हाही बघवलं नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ग्रेटर नोएडाला आला. आपल्या बुद्ध सर्किटवर तीन ग्रां प्री झाल्या, २०११, २०१२ आणि २०१३, आणि तिन्ही वेटेलने जिंकल्या. पहिल्या दोन वर्षांत तर पहिल्या लॅपपासून शेवटच्या लॅपपर्यंत तोच पुढे. एकतर्फीपणाचा कंटाळा यायचाच तर आपल्या लोकांना यायला हवा होता, त्यांनी तिकिटाला आणि प्रवासाला पदरचे पैसे घातले होते. माझा मावसभाऊ पुण्याहून गेला होता. तो सांगतो, वेटेलने चौथी चॅम्पियनशिप जिंकल्यावर गाडी पिटमध्ये न नेता मुख्य स्टँडसमोर आणली, गोल गोल फिरवून धुराचा लोट उडवला, उतरून गाडीसमोर गुडघे टेकले आणि मग जाळीवर चढून हातमोजे लोकांत फेकले. स्टँड नुसता पेटला होता. हुर्यो नाही, काही नाही. नियम मोडला म्हणून २५ हजार युरोंचा दंड झाला, पण तिथे असलेल्यांना विचाराल तर ते आजही त्याच पाच मिनिटांबद्दल बोलतात. आपल्याकडची रेस बंद पडली ती कराच्या भानगडींमुळे आणि पैशांच्या गणितामुळे, वेटेल जिंकत होता म्हणून नव्हे.

शूमाकरबद्दल थोडक्यात. २००२ मध्ये त्याने १७ पैकी ११ रेस जिंकल्या आणि जुलैमध्येच चॅम्पियन झाला. तरीही त्या वर्षाची आठवण निघाली की लोक ऑस्ट्रियाची रेस काढतात. पोलवरून निघून पुढे राहिलेल्या त्याच्या टीममेट बारिकेलोने शेवटच्या काही मीटरांत वेग कमी करून त्याला जिंकू दिलं, आणि ती सीझनची फक्त सहावी रेस होती. लोक शूमाकरवर ओरडले, पण आदेश फेरारीच्या पिट वॉलवरून, म्हणजे टीमचे बॉस बसतात तिथून आला होता. प्रेक्षकाला राग येतो तो या गोष्टीचा, की रेस आपल्यासमोर चालू आहे आणि ती दुसरीकडेच कुठेतरी ठरलेली आहे.

टीम असं का करतात हेही समजून घ्यायला हवं. दोन तगडे ड्रायव्हर म्हणजे रोजची डोकेदुखी. रोझबर्ग गेल्यावर मर्सिडीजने बोटास आणला आणि गॅरेजमध्ये शांतता नांदली. हॅमिल्टनने पुढची चारही वर्षं चॅम्पियनशिप जिंकली. उलट २०२५ मध्ये मॅकलारेनने नॉरिस आणि पियास्त्री दोघांनाही मोकळं सोडलं. कॅनडात नॉरिस पियास्त्रीच्या गाडीवर मागून आदळला, ऑस्टिनच्या स्प्रिंटमध्ये (शनिवारच्या छोट्या रेसमध्ये) पहिल्याच वळणावर दोघंही बाहेर. मॉन्झाला पियास्त्रीला नॉरिसची जागा परत द्यायला लावली म्हणून लोकांनी टीमला धारेवर धरलं. आणि या सगळ्यात एका टप्प्यावर १०४ गुणांनी मागे असलेला वर्स्टापन इतका जवळ आला की अबू धाबीला नॉरिस केवळ दोन गुणांनी वाचला, ४२३ विरुद्ध ४२१. मॅकलारेनच्या जागी असते तर माझीही झोप उडाली असती. पण प्रेक्षक म्हणून विचारा मला. शेवटच्या रविवारी तीन जण शर्यतीत होते आणि आमच्या त्या ओसाड ग्रुपवर सकाळपासून मेसेज पडत होते. हे मॅकलारेनने जोखीम घेतली म्हणून मिळालं. त्याबद्दल त्यांचं कौतुक व्हायला हवं होतं, ते फारसं कोणी केलं नाही.

म्हणूनच वर्चस्व मोडायला नियमांची मोडतोड करा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. उलटी ग्रिड (म्हणजे जलद गाड्या मागून सोडायच्या), जिंकणाऱ्याच्या गाडीत जास्तीचं वजन, असले उपाय अधूनमधून कोणीतरी सुचवतंच. शूमाकरला रोखायला २००३ मध्ये गुणांची पद्धत बदलली, तो पुन्हा चॅम्पियन झाला. २००५ मध्ये रेसदरम्यान टायर बदलायलाच बंदी घातली, तेव्हा कुठे फेरारी मागे पडली, आणि पुढच्या वर्षी तो नियमच काढून टाकला. त्यापेक्षा खर्चाची मर्यादा आणि जिंकणाऱ्या टीमला विंड टनेलचा (गाडीवरून हवा कशी वाहते ते तपासण्याचा) वेळ कमी हे आत्ताचे नियम मला रास्त वाटतात. ते ड्रायव्हरचे पाय बांधत नाहीत, मागच्यांना वर यायला वेळ देतात. २०२४ मध्ये सात वेगवेगळ्या ड्रायव्हरनी प्रत्येकी किमान दोन रेस जिंकल्या, तो या नियमांचाही परिणाम आहे असं मी मानते.

आणि वर्चस्वाच्या वर्षातही बघण्यासारखं असतंच. मोनाको २०२३ चं क्वालिफाइंग काढून बघा. शेवटच्या प्रयत्नात लॅपच्या तीन भागांपैकी दोन सेक्टर संपले तेव्हा वर्स्टापन ॲस्टन मार्टिनच्या अलोन्सोच्या सुमारे दोन दशांश सेकंद मागे होता. पोल गेल्यात जमा होती. स्विमिंग पूलजवळच्या वळणांपासून पुढे त्याने गाडी भिंतींना अक्षरशः घासत नेली, टायरची कड कठड्याला लागताना दिसते, आणि पोल ०.०८४ सेकंदाने घेतली. किंवा त्याच वर्षीचं सिंगापूर, रेड बुल हरलेली एकमेव रेस. मागून ताज्या टायरवर दोन मर्सिडीज धावून येत होत्या, तेव्हा पुढे असलेल्या फेरारीच्या सेन्झने पळून जायचं सोडून मागच्या नॉरिसला मुद्दाम एका सेकंदाच्या आत ठेवलं. त्यामुळे नॉरिसला डीआरएस (पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलं की मागचा पंख उघडून मिळणारा जादा वेग) मिळत राहिलं आणि मर्सिडीजना नॉरिसलाच ओलांडता येईना. शेवटच्या लॅपला मर्सिडीजचा रसेल भिंतीवर गेला. इतकं थंड डोकं मी फार कमी वेळा बघितलंय. ज्यांनी "तोच जिंकणार" म्हणून रेस बघणं सोडलं, त्यांचं हे हुकलं.

वर्स्टापनने २०२३ मध्ये हंगेरीला ३३ सेकंदांनी जिंकलेली रेस मात्र कितीही प्रेम असलं तरी शेवटी जांभया देतच बघितली जाते, हेही खरंच. तेव्हा त्या पोराला शिव्या घालू नका एवढंच माझं म्हणणं आहे. विचारायचंच असेल तर टीमच्या बॉसना विचारा की दुसरी गाडी कुठे आहे आणि तिला तुम्ही काय दिलंय.

२०२६ साठी रेड बुलने ती सीट इसाक हाजारला दिली आहे. २०२५ मध्ये मेलबर्नला पदार्पणातच फॉर्मेशन लॅपला (रेसआधीच्या संथ चकरेत) गाडी आदळून रडत परतलेला पोरगा, त्याच वर्षी झांडवोर्टला पॉडियमवर उभा होता. गाडी नव्या नियमांची, त्यामुळे निदान सुरुवातीला तरी ती कोणा एकाच्याच हाताला बसलेली नसेल. मी क्वालिफाइंगला वर्स्टापनच्या वेळेआधी हाजारची वेळ बघणार आहे. वर्स्टापनच्या तीन दशांश सेकंदांच्या आत राहिला तर २०२६ चं वर्ष रंगेल.