सिस्टरने विचारलं म्हणून मनात येत नाही

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला पाच ग्रुपवर आला. शेवटी तो माझ्या मावसभावाने पाठवला. खाली त्याने लिहिलं होतं, "ताई, हे खरं का गं? आईला पुढच्या आठवड्यात गुडघ्याच्या ऑपरेशनला भरती करायचंय."

मेसेज लांबलचक आहे, पण म्हणणं एवढंच: हल्ली दवाखान्यात भरती झालं की नर्स 'झोप लागते का, उदास वाटतं का, मरावंसं वाटतं का' असले प्रश्न विचारतात आणि चांगल्या माणसाच्या डोक्यात नको ते घालतात. मनाचं बघायला मानसोपचारतज्ज्ञ आहेत, नर्सने बीपी आणि सलाईन बघावं. ज्याला खरा त्रास असतो तो रडतो-ओरडतो, गप्प पडलेल्याला कशाला डिवचायचं? टेन्शन कुणाला नाही? हे सगळं कागद भरण्यासाठी चाललंय. आणि शेवटची ओळ: "आपल्या माणसाला असले प्रश्न विचारू देऊ नका."

या शेवटच्या ओळीसाठी मी लिहायला बसले. मी अधिपरिचारिका आहे, तुम्ही जिला स्टाफ सिस्टर म्हणता ती. २१ वर्षं वॉर्डात काढली आणि हे प्रश्न मी रोज विचारते.

"विचारलं की डोक्यात शिरतं."

ही समजूत जुनी आहे, आणि मेसेजमधली सगळ्यात घातकही हीच. लोकांना ती पटते, कारण अशुभ बोलू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ मुलांवर मॅडेलिन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, काहींना विचारलं नाही, आणि दोन दिवसांनी सगळ्यांना पुन्हा तपासलं. विचारलेल्या मुलांमध्ये अस्वस्थता वाढली नव्हती, तसले विचारही वाढले नव्हते. ज्या मुलांना आधीपासून नैराश्य होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांच्यात तर विचारल्यावर त्रास कमी झालेला दिसला.

मला हे वाचायच्या आधी वॉर्डाने शिकवलं. मधुमेहाचे एक काका वर्षात तिसऱ्यांदा भरती झाले होते, शुगर हाताबाहेर गेलेली. केसपेपरवर तिन्ही वेळा एकच शेरा: 'इन्सुलिन अनियमित'. रात्री शुगर तपासायला बोट टोचलं आणि सहज विचारलं, "काका, इन्सुलिन विसरता, की घ्यावंसंच वाटत नाही?" ते बोटावरचा कापूस दाबत बसले. रक्त कधीच थांबलं होतं, तरी दाबत होते. मग म्हणाले, "घेऊन तरी काय करायचं, सिस्टर?" मी स्टूल ओढून बसले. "जीव द्यावा असं मनात येतं का?" "दिवाळीपासून येतंय. कुणी विचारलं नाही."

तेव्हा होळी होऊन गेली होती.

प्रश्न कसा विचारला यावर बरंच काही अवलंबून असतं, आणि इथे आमचंही चुकतं. नव्या मुली घाबरून विचारतात, "मनात तसलं काही नाही ना?" आपल्या भाषेत वाक्याच्या शेवटी 'नाही ना' आलं की समोरच्याने 'नाही' म्हणायचं असतं. घरी पाहुण्याला "भूक नाही ना लागली?" विचारलं तर कोण हो म्हणेल? पेशंटला कळतं की हिला 'हो' ऐकायचं नाहीये, आणि तो आपल्याला सांभाळून घेतो: "नाही हो सिस्टर, तसलं काही नाही." म्हणून मी शिकाऊ मुलींना सांगते, 'तसलं' आणि 'वेडंवाकडं' हे शब्द सोडा. आधी झोपेचं विचारा, पहाटे जाग येते का विचारा, कशात मन लागतं का ते विचारा, जगणं नकोसं वाटतं का विचारा, आणि मग साध्या मराठीत 'जीव द्यावासा वाटतो का' असं विचारा. उत्तर 'हो' आलं तर दचकू नका, उपदेश करू नका, आणि 'मुलाबाळांचा तरी विचार करा' हे तर मुळीच म्हणू नका. तो विचार त्यांनी तुमच्याआधी हजारदा केलेला असतो. काही ठरवलंय का, हाताशी काही आहे का, सोबत कोण आहे, हे विचारा आणि त्यांना एकटं सोडू नका.

काकांची औषधं मी आमच्या कपाटात ठेवली, खाट टेबलासमोर घेतली, डॉक्टरांना तेव्हाच फोन केला. दुसऱ्या दिवशी मानसोपचार विभागातून डॉक्टर येऊन बघून गेले.

"नर्सने बीपी आणि सलाईन बघावं."

बीपीच बघायचं म्हटलं तरी मन सुटत नाही. माणूस घाबरला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी धावते, बीपी चढतं, तळहाताला घाम सुटतो. ताण टिकून राहिला की कॉर्टिसॉल या हार्मोनचा अंमल सुरू होतो, शुगर वाढते, झोप उडते. 'लढा किंवा पळा' ही शरीराची तयारी वॉल्टर कॅनन या संशोधकाने मांडली आणि हान्स सेल्ये या दुसऱ्या संशोधकाने १९३६ पासून ताणाचे टप्पे सांगितले: आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, मग थकून कोसळणं. पहिल्या वर्षाच्या नर्सिंगमध्ये आम्ही हे घोकतो. वॉर्डात मात्र हे सगळे टप्पे एकाच ओळीतल्या खाटांवर दिसतात.

आणि इथे या मेसेजच्या अगदी उलटा एक धोका आहे, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. नाडी १२०, घाम, थरथर, 'जीव घाबरा होतोय' अशी तक्रार. ही भीती असू शकते. शुगर एकदम उतरल्यावरही असंच दिसतं. आतून रक्तस्राव होत असेल, ऑक्सिजन कमी पडत असेल, फुप्फुसात गुठळी अडकली असेल, तरी असंच दिसतं. म्हणून मनाची तपासणी शिकलेली सिस्टर अशा पेशंटला लगेच 'टेन्शन घेतलंय' म्हणत नाही. आधी बोटाला ऑक्सिमीटर लावते, शुगर बघते, ताप बघते, जखमेची पट्टी उचलून पाहते. हे सगळं ठीक निघालं तर मग मनाकडे वळायचं. हा क्रम ज्याला माहीत नाही तोच 'बाईला नुसतं टेन्शन आहे' म्हणून हार्ट अटॅक घरी पाठवतो.

दुसरं उदाहरण पुरुष सर्जिकल वॉर्डातलं. पाय मोडून भरती झालेला तरणाताठा गडी पहिले दोन दिवस हसतखेळत असतो. तिसऱ्या रात्री हात कापायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, तो सलाईन उपटतो. नातेवाईक म्हणतात, 'बाहेरचं झालंय' किंवा 'वात झालाय'. बहुतेकदा ते दारू अचानक सुटल्याने होतं. हा प्रकार शेवटच्या घोटानंतर साधारण ४८ ते ९६ तासांत उफाळतो, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो. भरतीच्या वेळी कुणीतरी सासरच्यांना बाहेर पाठवून, आवाजात कसलाही दोष न आणता "शेवटची कधी घेतली?" एवढं विचारलेलं असेल, तर औषध पहिल्याच दिवशी सुरू होतं आणि ती तिसरी रात्र बहुतेकदा येतच नाही. हा प्रश्न मनाचा की शरीराचा, ते मेसेज लिहिणाऱ्याने ठरवावं.

भीतीलाही पायऱ्या असतात. हिल्डगार्ड पेप्लाव या अमेरिकन नर्सने त्या चार सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पूर्ण घबराट. पहिल्या पायरीवर माणूस उलट जास्त नीट ऐकतो. तिसरीवर त्याला तुमचा आवाज येतो, पण अर्थ लागत नाही. आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या बापाला मी कागदावर सही कुठे करायची ते तीनदा दाखवलंय आणि तिन्ही वेळा त्याने पेन माझ्याच हातात परत दिलंय. अशा माणसाला पथ्यपाणी समजावून उपयोग नसतो. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, चार शब्दांची वाक्यं बोलायची.

"गप्प पडलेल्याला कशाला डिवचायचं?"

खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सून कौतुकाने म्हणाली, "आमच्या सासूबाई कित्ती शांत आहेत बघा, काही मागत नाहीत." वॉर्डात सगळ्यांना आवडावा असा पेशंट. मी विचारलं, "आजी, मराठी महिने उलटे सांगता का? फाल्गुन, माघ..." आदल्या संध्याकाळी याच आजींनी मला एकादशी कधी ते बोटांवर मोजून सांगितलं होतं. आता त्या 'फाल्गुन' म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. जानेवारी-डिसेंबर त्यांना कधीच येत नव्हतं, म्हणून तो प्रश्न मी विचारलाच नाही. इंग्रजी महिने चुकले म्हणून कुणाचं भान गेलं असं होत नाही.

चादर बाजूला केली तर लघवीची नळी मांडीखाली दुमडलेली, पिशवी जवळजवळ रिकामी, ओटीपोट टम्म. नळी मोकळी केली, डॉक्टरांना बोलावलं, तपासणीत जंतुसंसर्गही निघाला. आजींचं भान असं अचानक हरपलं, त्याला डिलिरियम म्हणतात. त्याचा आरडाओरड्याचा प्रकार सगळ्यांना दिसतो, गप्प प्रकार निसटतो, कारण तो कुणाला त्रास देत नाही. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: बदल अचानक झाला आणि कमीजास्त होत राहिला, लक्ष टिकत नाही, आणि त्यासोबत बोलण्यात असंबद्धपणा किंवा जागेपणात फरक. 'काल कशा होत्या आणि आज कशा आहेत' हे त्यातलं पहिलं, आणि ते सांगू शकते काल संध्याकाळी त्यांच्याशी बोललेली बाई. राउंडला दोन मिनिटं आलेल्या डॉक्टरांना ते दिसणं अवघड असतं.

"टेन्शन कुणाला नाही?"

सगळ्यांनाच आहे. म्हणूनच तर मोजायचं. पीएचक्यू-९ नावाची, उदासीनता मोजणारी नऊ प्रश्नांची यादी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २७. बेरीज १० किंवा वर गेली की पुढच्या तपासणीला पाठवायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, तिथेच थांबून बोलायचं.

"हे मानसोपचारतज्ज्ञांचं काम आहे."

निदान आणि औषधं त्यांचीच, यात दुमत नाही. मी कुणाच्या केसपेपरवर 'डिप्रेशन' असं निदान लिहीत नाही. पण त्यांच्यापर्यंत पोहोचतं कोण? बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की आजारानुसार १०० पैकी ७० ते ९२ जणांना उपचारच मिळत नाहीत. आपल्या महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. तिथवर जायच्या आधी माणूस डोकेदुखी, छातीत धडधड, 'हातापायांत त्राण नाही' असं सांगत जनरल ओपीडीत खेपा घालत असतो. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून उदासीनता आणि चिंतेच्या पेशंटची काळजी घेऊन दाखवली. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, आणि सरकारी केंद्रांतले पेशंट नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त प्रमाणात बरे झाले होते. मग तीन वर्षं नर्सिंग शिकलेल्या, मनोरुग्णालयात पोस्टिंग केलेल्या मुलीने दोन प्रश्न विचारले तर बिघडलं कुठे?

"कागद भरण्यासाठी चाललंय."

या एका मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मी झाकणार नाही. चाळीस खाटांना दोन सिस्टर असल्या की प्रश्न लांबूनच विचारले जातात आणि सगळीकडे 'नाही' वर खूण होते. बाळंतपणानंतरची उदासीनता ओळखायची दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली बाळंतिणीला सासूसमोर मोठ्याने वाचून दाखवलेली मी पाहिली आहे. ती पोर काय सांगणार? मी सासूबाईंना म्हणते, "मावशी, बाळाचं वजन करून आणता का तेवढं?" काटा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला आहे. जायला-यायला सात-आठ मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात बरंच बोलून होतं.

लिहून ठेवलं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही भीती मात्र मनातून काढा. मनात विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसाबद्दलही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की तो तीव्र ताणाखाली होता असं धरून चालावं आणि त्याला शिक्षा करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं ते जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही.

मावसभावाला मी उत्तर पाठवलं ते असं: मावशीचा चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत टाक. ती रात्री झोपेची अर्धी गोळी घेते ते लपवू नकोस, पहिल्याच दिवशी सांग. ऑपरेशननंतर ती वेगळीच वागतेय असं वाटलं तर 'वयामुळे असेल' म्हणू नकोस, सिस्टरला हाक मार. तुझे बाबा गेल्यापासून ती पहाटे तीनला उठून बसते, हे तू मला सांगितलंस, तिथेही सांग. घरी आल्यावर कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आणि भरती झाल्यावर सिस्टर प्रश्नांचा कागद घेऊन आली, की तू खाली जाऊन चहा घेऊन ये.