मुळं आहेत, पण दिसत नाहीत

कालपासून आमच्या स्वयंपाकघरात सुरणाचे तीन गड्डे येऊन पडलेत. तिन्ही वेगवेगळ्या घरांतून आलेत. मला काहीही झालेलं नाही.

झालं एवढंच, की ज्वारीचं दळण घेऊन गिरणीत उभा होतो आणि अकरावीतल्या लेकीचा फोन आला. क्षचा वर्ग, वजा ४ क्ष, अधिक १३, बरोबर शून्य. आलेख काढला तर तो आडव्या अक्षाला शिवतच नाही, मग मुळं शोधायची कुठे? गिरणीच्या घरघरीत तिला ऐकू जाईना, म्हणून मी बोंबललो, "अगं, मुळं आहेत! दोन आहेत! फक्त दिसत नाहीत!"

नेमकी 'दोन आहेत'ला वीज गेली. पुढचं सगळं भर शांततेत.

मागे बी विंगचे काका होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. जवळ सरकून हळूच म्हणाले, "कधीपासून?"

कोणीतरी गणितात रस घेतंय या आनंदात मी सांगितलं, "तशी १५४५ पासून."

"पंधरा पंचेचाळीस? म्हणजे काल पावणेचारला?"

"नाही हो. इटलीत कार्दानो म्हणून एक डॉक्टर होता..."

"इटलीपर्यंत दाखवून आलात!" काका हळहळले. "काय म्हणाला?"

"१० चे असे दोन भाग करा की गुणाकार ४० यावा, जे साध्या आकड्यांत जमतच नाही. मनाला यातना होतील, त्या बाजूला ठेवा आणि पुढे चला, असं लिहून ठेवलंय त्याने."

"यातना होतातच. ऑपरेशन सांगितलं का?"

आता माझी ट्यूब पेटली. "अहो काका, ती मुळं काल्पनिक आहेत!"

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या मेव्हण्याला तीन होती."

"तीन असतील तर एक तरी वास्तव असणारच," मी सवयीने बोलून गेलो. खरंच आहे ते. समीकरणातले आकडे, म्हणजे सहगुणक, वास्तव असले की काल्पनिक मुळं जोडीनेच येतात. तिसऱ्याला जोडीदार कुठून आणणार? पण हे गिरणीत बोलायचं नसतं.

शेवटी डब्याच्या झाकणावर पीठ पसरून बोटाने आलेख काढला. वाटीसारखा. तळ २ च्या बरोबर वर, ९ घरं उंच. मग त्याच तळाशी धरून वाटी उपडी केली, तर ती अक्षाला उणे १ आणि ५ वर छेदते. दोन्ही जागा २ पासून तीन-तीन घरं लांब. तेच ३ उचलायचे, त्याला आय, म्हणजे उणे १ चं वर्गमूळ, चिकटवायचा: २ अधिक-उणे ३ आय. मिळाली मुळं!

काका बराच वेळ झाकणाकडे बघत राहिले. "काढून कशाला दाखवताय," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला कळलं."

खरा राग काकांवर नाहीच. दहावीत विवेचक, म्हणजे मुळं कशी आहेत ते सांगणारा आकडा, ऋण आला की 'मुळे वास्तव नाहीत' असं लिहायचं आणि पुढचं गणित घ्यायचं. मी एकदा विचारलं होतं, "वास्तव नाहीत, तर मग गेली कुठे?" उरलेला तास वर्गाबाहेर काढला. ही पिठातली उपडी वाटी दोन मिनिटांचं काम होतं! ती मला कळली चाळिशी उलटल्यावर, तीही लेकीच्या पुस्तकाशी झटापट करताना. आणि 'काल्पनिक' हे नाव ठेवणारा फ्रेंच गणिती देकार्त, १६३७ सालचा. त्याने दुसरा एखादा शब्द शोधला असता तर निदान 'सगळे असंच म्हणतात' हे तरी ऐकावं लागलं नसतं.

लेकीचं गणित सुटलं. माझं काल रात्रीपर्यंत सी विंगला पोचलं होतं. आज सकाळी लिफ्टमध्ये एकाने विचारलं, "गाडी चालवता येते ना?"

हे लिहितोय तोवर बेल वाजली. बी विंगच्या काकू, हातात ताकाचा तांब्या. मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाल्या, "मी बसते. तुम्ही उभ्यानेच प्या."