घामातून विष जात नाही, मावशी!

"हॉट योगा ही ऋषीमुनींची 5000 वर्षांपूर्वीची विद्या आहे. घामावाटे सगळं विष निघून जातं. मध्ये पाणी प्यायलात तर विष आतच राहतं." हा मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, आणि या वेळी तो मावशीने पाठवला. ती लेकीकडे न्यू जर्सीला आहे. वय 64, बीपीची गोळी चालू. मंगळवारी तिथल्या हॉट योगाच्या, म्हणजे तापवलेल्या खोलीत आसनं करण्याच्या, वर्गात अर्ध्या तासात तिला अंधारी आली, भिंत धरून ती खाली बसली. पाण्याची बाटली शेजारीच होती, झाकणसुद्धा न उघडलेली.

म्हणून आधी पाण्याचं. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि मूत्रपिंडांना पाणीच लागतं. खोली 40 अंशांवर, म्हणजे आपल्या त्वचेहून गरम. तिथे घाम वाळला तरच अंग थंड होतं. त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या. अशा माणसाला पाणी पिऊ नका म्हणून सांगणं हा गुन्हा आहे.

आता ऋषीमुनी. तापवलेल्या खोलीत 90 मिनिटं, 26 आसनं आणि 2 श्वसनक्रिया हा क्रम कोलकात्याच्या बिक्रम चौधरींनी गेल्या शतकात अमेरिकेत रुजवला. बाकीचे 'हॉट' प्रकार त्यानंतरचे. हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ उघडून बघा: नवख्या साधकाने अग्निसेवन, म्हणजे आगीजवळ शेकणं, टाळावं असं तिथे स्पष्ट लिहिलंय. प्राणायामाच्या श्रमाने आलेल्या घामाबद्दल तर 'जलेन श्रमजातेन गात्रमर्दनमाचरेत्', म्हणजे तो घाम अंगालाच चोळावा! विष असतं तर चोळायला सांगितलं असतं का?

वजन उतरतं म्हणे. उतरतं ते पाणी, संध्याकाळपर्यंत परत येतं.

गरमीत अंग मोकळं होतं, हे मात्र मान्य करावं लागेल. पण ताण कळत नाही आणि सांधा नको तितका ओढला जातो.

आणि 'उष्णतेनेच हृदय सुधारतं'? टेक्सास स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली 12 आठवड्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. तीच आसनं एका गटाने 40.5 अंशांत केली, दुसऱ्याने 23 अंशांत. रक्तवाहिन्यांचं काम दोन्ही गटांत सुधारलं. म्हणजे गुण आसनांचा, हीटरचा नव्हे.

मावशी, डॉक्टरांना गोळीचं नाव सांगून विचारेपर्यंत त्या खोलीत जाऊ नकोस. लेकीच्या हॉलमध्ये खिडकी उघडून चटई टाक. बाटली जवळ ठेव, झाकण काढून.