मक्याचं पिंप सागरेश्वरला नको

उन्हं तापू लागली की सांगली जिल्ह्यात एक जुना वाद पुन्हा डोकं वर काढतो. देवराष्ट्रेजवळच्या सागरेश्वर अभयारण्यातली चितळं-सांबरं कुंपणाबाहेर पडतात आणि उसात, मक्यात शिरतात. शेतकरी म्हणतो, वनखात्यानं आपली जनावरं आवरावीत आणि भरपाई वेळेत द्यावी. प्राणीप्रेमी म्हणतात, आत चारा-पाणी नसेल तर ती बाहेर येणारच. अलीकडे यात तिसरी सूचना ऐकू येते. अमेरिकेत हरणांना वेळच्या वेळी दाणे टाकणारं सोलरवरचं यंत्र असतं, तसली चार यंत्रं अभयारण्यात बसवा, हरणं आतच राहतील.

सूचना चांगल्या मनानं केलेली आहे. पण मी राहतो त्या अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात ही यंत्रं रानोरान उभी आहेत आणि ती काय करतात हे रोज दिसतं. म्हणून आधी यंत्राचीच नीट माहिती देतो.

तीन पायांच्या लोखंडी तिपाईवर सुमारे 208 लिटरचं पिंप असतं. त्यात साधारण 150 किलो सुका मका मावतो. पिंपाचा तळ सपाट असेल तर कडेचा मका खाली उतरत नाही, तिथेच कुजतो, म्हणून आत नरसाळं बसवावंच लागतं. नरसाळ्याच्या तोंडाखाली दीड-दोन सेंटिमीटरवर एक तबकडी असते आणि तिच्याखाली 6 किंवा 12 व्होल्टची मोटर. दाणे तबकडीवर पडून स्वतःच्याच ढिगानं थांबतात. मोटर फिरली की ते चहूबाजूंना पाच-सहा मीटर फेकले जातात. नरसाळ्याचं तोंड आणि तबकडी यांतलं अंतर जास्त ठेवलं तर वाऱ्यानं तबकडी हलते आणि मका दिवसभर सांडत राहतो. कमी ठेवलं तर दाणा अडकून मोटर जळते.

टायमर दिवसातून दोनदा लावतात: सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासानं आणि मावळायच्या तासभर आधी. अंधारात टाकलेला मका रकून (हातासारखे पंजे असलेला, मांजराएवढा इथला निशाचर प्राणी) आणि रानडुकरं खातात. किती सेकंद चालवायचं हे अंदाजानं ठरवू नये. तबकडीभोवती पोतं बांधायचं, पाच सेकंद मोटर चालवायची, पडलेला मका तोलायचा. असं तीनदा करून सरासरी काढायची. एका वेळेला सव्वा किलो पडत असेल तर दिवसाला अडीच किलो, म्हणजे भरलेलं पिंप 60 दिवस पुरतं. मक्याची जात किंवा दाण्याचा आकार बदलला की पुन्हा तोलायचं.

बिघाड बहुतेक ठरलेल्या जागी होतात. 6 व्होल्टच्या बॅटरीला 12 व्होल्टचं पॅनेल जोडलं की बॅटरी उकळून मरते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून नसेल, किंवा त्यावर फांदीची सावली येत असेल, तर डिसेंबर-जानेवारीच्या लहान दिवसांत बॅटरी भरतच नाही, आणि थंडीत तिची ताकद आधीच घटलेली असते. खारी वायर कुरतडतात, म्हणून वायर लोखंडी नळीतून न्यायची. टायमरच्या डबीत मुंग्या घर करतात. बॅटरीच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, तिथे व्हॅसलीन लावून ठेवायचं. रकून तर तिपाईवर चढून, हात खाली घालून बोटांनी तबकडी फिरवतो आणि पिंप रिकामं करतो. त्याला जाळीचा पिंजराच लागतो. डुकरं पायांना अंग घासून अख्खी तिपाई पाडतात, म्हणून पाय जमिनीत ठोकलेल्या खांबांना बांधायचे आणि भोवती 85 सेंटिमीटर उंचीची जाळी लावायची. तेवढी उंची हरीण सहज ओलांडतं, डुक्कर नाही. पावणेपाच-पाच मीटर लांबीच्या दहा जाळ्या लागतात. आठांत भागवलं तर रिंगण बारा मीटरचं होतं आणि थोडा वारा असला तरी मका बाहेर पडतो.

मका चाळूनच भरायचा. कणसाचा एक तुकडा किंवा पोत्याचा सुतळीधागा नरसाळ्याचं तोंड बंद करायला पुरतो. झाकणाचं रबर गेलं असेल तर रात्रीच्या दवानं दाणे ओले होऊन गोळा बनतो आणि त्यावर हिरवी बुरशी धरते. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृत खातं. टेक्ससमध्ये रानातल्या जनावरांच्या मक्यात त्याला अब्जामागे 20 भाग ही मर्यादा आहे. असा गोळा बनलेला मका वाळवून पुन्हा भरायचा नसतो, तो खड्ड्यात पुरायचा.

आता खरी अडचण. ऐन थंडीत, हरणं पाला आणि काटक्यांवर जगत असताना, एकदम भरपूर मका टाकला तर ती मरतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात, म्हणजे चारा आधी जिथे साठतो त्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात, त्याच्या चाऱ्याला सरावलेले जिवाणू असतात. मक्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्ट. ते एकदम आलं की लॅक्टिक आम्ल तयार होतं, कोठीपोटाचं अस्तर जळतं आणि पोट मक्यानं भरलेलं असतानाच हरीण दोन-तीन दिवसांत जातं. नवा चारा पचवायला जिवाणूंना दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून जाणते लोक शरद ऋतूतच अगदी थोड्या मक्यानं सुरुवात करतात. आटपाडी-माणच्या मेंढपाळाला हे वेगळं सांगायला नको. शेळीनं रात्री धान्याचं पोतं फोडलं तर सकाळी काय दिसतं, हे त्यानं पाहिलेलं असतं.

आणि इतकं सगळं नीट केल्यावरही हरणाच्या वाट्याला काय येतं? अडीच किलो मका आठ-दहा हरणांत वाटला तर प्रत्येकी पाव किलो. पांढऱ्या शेपटीच्या इथल्या हरणाला दिवसाला दीड किलोच्या आसपास सुका चारा लागतो, तो त्याला झाडपाल्यातूनच मिळवावा लागतो. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्केच असतात. मग यंत्र कशासाठी? हरीण ठरल्या वेळी, ठरल्या जागी यावं म्हणून. संध्याकाळी मोटर चार सेकंद घरघरते, वाळल्या पानांवर दाणे तडतडतात, आणि तो आवाज संपायच्या आत ओकच्या झाडांआडून माना वर होतात. त्या जागेपासून ठरलेल्या अंतरावर शिकाऱ्याचा मचाण असतो. टेक्ससची जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे, शिकारीचा हक्क भाड्यानं देऊन जमीनमालक पैसे कमावतो, आणि मक्याचं पिंप हा त्या व्यवसायाचा भाग आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, इथे ते कायदेशीर आहे. पण हे यंत्र हरणं जगवण्यासाठी बनलेलं नाही, बोलावण्यासाठी बनलेलं आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली. मग सागरेश्वरात हरणांना एका जागी बोलावून कोणाचं भलं होणार? मोकाट कुत्र्यांचं आणि फासे लावणाऱ्यांचं. शिवाय हरणाला मक्याची चव लागेल ती वेगळीच, आणि कुंपणापलीकडे तोच मका एकरानं उभा आहे.

रोगाचा प्रश्न तर याहून मोठा आहे. अमेरिकेत हरणांना होणारा झिजरोग (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, यात हरीण झिजत जाऊन मरतं) 1967 साली कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला. टेक्ससमध्ये तो 2012 साली सापडला. लाळेतून, मलमूत्रातून तो पसरतो, त्याचे प्रथिनकण मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि त्यावर औषध नाही. शंभर तोंडं एकाच मातीतून दाणे टिपतात तिथे तो पसरायला वाट मिळते. म्हणून न्यूयॉर्क राज्यात हरणांना खायला घालणं बेकायदा आहे, आणि मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पात 2019 मध्ये बंदी आली. म्हणजे ज्या देशाचा दाखला आपण देतो, तिथलीच काही राज्यं हे यंत्र मोडीत काढताहेत. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, तो गायीगुरांकडून चितळांना होतो. खाण्याची एक जागा ठरवली की कुंपणाच्या भगदाडातून गावची गुरंही तिथे येणार.

गावाकडच्या वादात शेतकऱ्याची बाजू मला जास्त खरी वाटते. दूर बसून हरणांवर प्रेम करायला काही खर्च पडत नाही, रात्री उसाच्या बांधावर बॅटरी घेऊन उभा राहतो तो शेतकरी. पण त्यावरचा उपाय यंत्रात नाही. सागरेश्वरचा डोंगर उघडाबोडका होता. धों. म. मोहितेंसारख्या माणसानं लोकांना घेऊन तिथे झाडं उभी केली आणि 1985 साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरची ही जागा आहे. एवढ्याशा जागेत चारा वाढवायचा तर गवत वाढवलं पाहिजे. झाडाखालची घाणेरीची झुडपं मुळासकट काढायची, पावसाच्या तोंडावर मारवेल, पवना या गवतांचं बी टाकायचं, गवताचे पट्टे आलटून पालटून राखायचे आणि जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, वणव्यांच्या आधी काढून ठेवायच्या.

पाण्याच्या बाबतीत मात्र इथली शिस्त घेण्यासारखी आहे. इकडे हिवाळ्यात चाऱ्याची टंचाई असते, तशी आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाण्याची. पाणवठा बशीसारखा उथळ हवा, मध्यभागी फार तर फूट-सव्वाफूट खोल, सगळीकडून उतरता, म्हणजे पाडस आत घसरलं तरी बाहेर येईल. सोलर पंप आणि तरंगता बॉल व्हॉल्व्ह असला की टँकरची वाट पाहावी लागत नाही. पण व्हॉल्व्हवर दगडी झाकण हवं, नाहीतर डुक्कर तो उपटतं. आठवड्याला पाणी काढून तळ घासायचा. आणि पाणवठे कुंपणालगत नकोत, आत खोलवर हवेत, एकाच्या जागी चार-पाच लहान, म्हणजे गर्दी होत नाही.

राहिलं कुंपण. उंच कुंपणावरून हरीण शक्यतो उडी मारत नाही, खालून वाट शोधतं. ओढा जिथे कुंपण ओलांडतो तिथे पावसाळ्यात माती वाहून जाते आणि जाळीखाली दीड-दोन फुटांची फट पडते. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या आधी एकदा वनरक्षकासोबत गावच्या दोन-चार जणांनी कुंपणाला फेरी घालावी, प्रत्येक ओढ्यापाशी थांबावं आणि फट दिसेल तिथे दगड भरून वरून साखळदंडाची लोंबती जाळी बांधावी. ती पुराच्या पाण्याबरोबर उचलते आणि पाणी ओसरलं की पुन्हा खाली बसते.