‘चालत आणलेले वडील व्हीलचेअरवर घरी नेले’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. ऑपरेशन करणारा सर्जन म्हणून उत्तर मी स्वतः लिहितोय, स्वागतकक्षाकडून लिहून घेतलेलं नाही. तुमच्या तीन तक्रारी आहेत: वडील आपल्या पायांनी संभाजीनगरला आले आणि व्हीलचेअरवर परभणीला परतले, ऑपरेशनच्या सात तासांत बाहेर कुणी काही सांगितलं नाही, आणि ‘मानेच्या एका गाठीला’ एवढं बिल कसं.

वडिलांचे रिपोर्ट मी इथे चारचौघांत मांडणार नाही. आजाराबद्दल बोलतो.

मानेतली ही गाठ मज्जारज्जूच्या, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या दोरीच्या, आत वाढते. रज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. हात, पाय, लघवी आणि मानेच्या वरच्या भागात श्वाससुद्धा त्याच्यावर चालतो. मोठ्या माणसांत ती बहुतेकदा एपेंडिमोमा, म्हणजे रज्जूच्या मधल्या बारीक पोकळीच्या अस्तरातून वाढणारी गाठ, निघते. तिच्यापर्यंत पोचायला रज्जूला मागून मधोमध चीर द्यावी लागते, आणि पाय कुठे टेकलाय हे मेंदूला कळवणारे तंतू नेमके तिथूनच जातात. म्हणून ऑपरेशननंतर पायात ताकद असूनही पाऊल अंदाजाने पडतं, तोल जातो. बऱ्याच जणांचं हे काही महिन्यांत सुधारतं, काहींचं थोडं कायम राहतं.

मग चालत्या माणसाला हात लावायचाच कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. जो चालत टेबलावर येतो तोच पुढे चालण्याची आशा जास्त. उचलून आणलेला पेशंट क्वचितच पायांवर उभा राहतो. आपल्याकडे हाताला मुंग्या आल्या की ‘नस दबली’ म्हणून पट्टा, मालिश, सुया यांत वर्ष-दोन वर्षं जातात. एमआरआय सगळ्यात शेवटी.

पण हे सगळं तुम्हाला आदल्या दिवशी, आईंना सोबत बसवून, मराठीत सांगायला हवं होतं. आम्ही रात्री नऊला इंग्रजी फॉर्मवर सही घेतली. ही चूक आमची. सात तास निरोप नाही, ही पण आमचीच. आता दर दोन तासांनी थिएटरमधून बाहेर निरोप येतो.

खर्चातला मोठा भाग मायक्रोस्कोपचा आणि नसांचे सिग्नल सतत तपासणाऱ्या यंत्राचा. नसांचा सिग्नल कमी झाला की हात थांबवायचा. ते यंत्र नसतं तर बिल कमी झालं असतं, पण मी हे ऑपरेशन केलं नसतं. खुलासेवार बिल मागा, मिळेल.

अभिप्राय काढा असं म्हणणार नाही. वडिलांना गुरुवारी घेऊन या, तपासणीचे पैसे नाहीत. जुनी एमआरआयची फिल्म आणा, पुढे दरवर्षी तिच्याशी ताडून पाहावं लागेल. फिजिओथेरपी सोडू नका, मानेला मालिश करू देऊ नका. पाय आणखी जड वाटले, लघवी अडली, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी आलं, तर गुरुवारची वाट न बघता त्याच रात्री निघा.