पासून, पर्यंत आणि फिदीफिदी

आज पणजीत एका ऑफिसात रांगेत होते. पुढे एक मुलगी, हातात अर्ज. काउंटरवरच्या साहेबांनी तो वाचला आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सिन्स थ्री इयर्स! वा!" दोघंही फिदीफिदी हसले. मुलीने मान खाली घातली.

मी थेट पाचवीत पोचले. आपण कितीतरी जण तसेच शिकलोय, चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्लिश. पहिल्याच निबंधात मी लिहिलं, 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन साखळी सिन्स टेन इयर्स.' टीचरने उभं करून तेच वाक्य तीनदा वाचायला लावलं. वर्ग हसला. चूक काय, ते कुणीच सांगितलं नाही.

अहो, दहा वर्षांपासून राहते असंच म्हणतो ना आपण? गोवा 1961पासून मुक्त, मी दहा वर्षांपासून साखळीत. आपलं एकच 'पासून' दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत 1961ला सिन्स, दहा वर्षांना फॉर. कधीपासून ते वेगळं, किती काळ ते वेगळं. दोन मिनिटांचं काम! त्यासाठी पोरीची चारचौघांत चेष्टा?

त्या संध्याकाळी बाबांनी सोप्यावर बसवलं. "बाय, रडू नको. 'पाचपर्यंत ये' आणि 'पाचपर्यंत थांब', आपल्याला एकच पर्यंत पुरतं. त्यांना यायला बाय लागतो, थांबायला टिल." मी विचारलं, बाय म्हणजे मी ना? तेव्हापासून नाही चुकले.

आणि वेळेवर-वेळेत तर आपल्याकडे आहेच की. फेरी वेळेवर सुटते, आपण वेळेत पोचलो नाही तर धक्क्यावर. झालं ऑन टाइम, इन टाइम. मराठीतून शिकवलं असतं तर तीनदा वाचावं लागलं नसतं.

बरं, फरक पडतो, कबूल. तुम्हाला काम सोमवारी हातात हवं आणि टिल लिहिलंत, तर समोरचा सोमवारपर्यंत करतच बसेल.

पण साहेबांच्याच मागे भिंतीवर नोटीस होती, 'सबमिट फॉर्म्स टिल 20'. म्हणजे वीस तारखेपर्यंत फॉर्म देतच राहा! अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. तीनदा वाचायला लावणारी मला व्हायचं नव्हतं.

मुलीला बाहेर बाकावर बसवलं, सिन्स खोडून फॉर लिहिलं आणि पासूनची गंमत सांगितली.

"एवढंच होतं, ताई?"

काउंटर एकपर्यंत. साडेबारा झाले होते. दोघी परत शेवटून रांगेत उभ्या राहिलो.